जुळं खोकं

जुने कॅमेरे ऑनलाइन विकणारा तो माणूस ताकही फुंकून पिणारा होता. कॅमेरा खोक्यात घालताना बायकोने मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, त्याने कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर मोठ्याने वाचायचा आणि चिकटपट्टीवर सही ठोकायची. एवढ्यावर भागेना म्हणून त्याने आणखी एक शक्कल लढवली. महागड्या कॅमेऱ्याच्या खोक्याला एक जुळं खोकं. आत वीट, वर तोच पत्ता, तीच सही, वजन ग्रॅमला ग्रॅम. खरं कपाटात, जुळं काउंटरवर. चोर आलाच तर वीट घेऊन जाईल.

दुकानातला सगळ्यात भारी कॅमेरा एका नर्सने घेतला, दोन वर्षं पैसे साठवून. कुरिअरवाला यायच्या आधी मेव्हणा टपकला आणि ह्याला मिरवल्याशिवाय राहवेना. दोन्ही खोकी पुढ्यात मांडली.

"ओळख बघू, माल कशात आहे?"

मेव्हण्याने दोन्ही उचलली, हलवली, खाली ठेवली. "हरलो, दाजी."

"माझ्याशिवाय कुणाच्या बापाला ओळखता यायचं नाही," म्हणत त्याने एक कपाटात ठेवलं, दुसरं काउंटरवर. कुरिअरवाला आला आणि कपाटातलं घेऊन गेला.

चार दिवसांनी नर्सचा मेसेज आला. खोक्यात वीट निघाली होती.

त्याने झटकन मान वर केली. पण वीट तर समोर काउंटरवर होती. त्याने खोक्यावर थोपटलं आणि साइटला व्हिडिओ पाठवून दिला. निकाल त्याच्या बाजूने लागला, तिचं खातं बंद झालं.

"दादा, मी खोटं नाही बोलत हो. एकदा दुकानात बघा ना," तिने लिहिलं.

बघायचं सोडून त्याने तो मेसेज तिच्या फोटोसकट विक्रेत्यांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'ही बया ओळखून ठेवा.' कुणीतरी तो तिच्या हॉस्पिटलात पोचवला. पेशंटच्या उशाशी चोर नको, म्हणून तिला कामावरून काढलं. हे कळल्यावर तो म्हणाला, "करावं तसं भरावं."

महिन्याने दुसरा महागडा कॅमेरा विकला गेला. नव्या जुळ्यासाठी वीट हवी म्हणून त्याने काउंटरवरचं खोकं फोडलं. आत कॅमेरा होता.

बायकोने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "अहो, तिला फोन करा. आत्ता करा."

त्याला लाज वाटली. खरंच वाटली. पण ती गिळायला घोटभर पाणी पुरलं.

"फोन करून काय सांगू? ग्रुपवर माझी छीथू होईल."

"तिची नोकरी गेलीय हो!"

"गेली ना? मग आता फोन करून परत येणारे का?"

त्याने कॅमेरा पुसून पुन्हा विक्रीला लावला. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मिळालं. बायकोने नेहमीप्रमाणे मोबाइल धरला. मोबाइल तिरका झाला.

"नीट धर," तो खेकसला. "आणि ह्या वेळी नंबर वाचायचा नाही."

तिने दोन्ही हातांनी मोबाइल घट्ट धरला आणि बटण दाबलं.