मामांच्या गाडीतला लाल दिवा

तौफालेआ मामांच्या गाडीत स्टिअरिंगसमोरचा ब्रेकचा लाल दिवा पेटला तो रविवारी, चर्चच्या दारात, अख्ख्या गावासमोर. मामा उतरले नाहीत. काच खाली करून त्यांनी नुसतं बोट दाखवलं, आधी दिव्याकडे आणि मग सेमोकडे. मामा म्हणजे सेमोच्या बायकोचे मामा आणि सभेत गावाच्या वतीनं बोलणारे मानकरी. ज्या माणसाला नुसतं मीठ मागायलाही वीस मिनिटं लागतात तो एक अक्षर बोलला नाही, म्हणजे प्रकरण फार वाईट होतं.

शनिवारचा सगळा दिवस सेमोनं त्या गाडीखाली काढला होता. पुढचे ब्रेक-पॅड बदलले, मागचे लायनर बदलले, हँडब्रेकची लोंबकळणारी केबल आवळली. शिवाय पूर्वी कुण्या शहाण्यानं तोडून ठेवलेली दिव्याची वायरही जोडून दिली. ती जोडायला कुणी सांगितलं नव्हतं. पण ऑकलंडच्या गॅरेजात नऊ वर्षं काढलेल्या माणसाला असली खाज असतेच.

सेमो घरजावई होता. सवाईई बेटाच्या त्या किनाऱ्यावर बायकोच्या गावात राहणाऱ्या पुरुषाची जागा चुलीपाशी. त्यानं अरवी सोलायची, नारळ खवायचा आणि मानकरी बोलत असले की जमिनीकडे बघायचं. सहा वर्षं त्यानं जमीन बघितली होती, आणि त्यातला एक तुकडा त्याला हवा होता. रस्त्याकडेचा, नीरफणसाखालचा. तिथं पत्रे टाकून गॅरेज काढायचं. जमीन घराण्याची, पण शब्द मामांचा. ‘गाडी नीट झाली तर गुरुवारच्या बैठकीत बघू,’ असं मामा म्हणाले होते. म्हणजे तसं ते पाऊण तास म्हणाले होते, पण मतलब एवढाच.

सोमवारी सकाळी मामा गाडी घेऊन आले. दिवा लालभडक. मामा मानकरीपणाची खूण असलेली चवरी खांद्यावर टाकून उतरले आणि कोको प्यायला आत गेले. सेमोनं गाडी चालू केली. दिवा बंद! त्यानं ब्रेक ऑइल पाहिलं, काठोकाठ होतं. वायर हलवून पाहिली, फ्यूज काढून फुंकून बसवला. दुकानापर्यंत चक्कर मारून आला. दिवा मेल्यासारखा गप्प.

“झाली, मामा.”

मामा बसले, दहा हात गेले, आणि करकचून थांबले. दिवा पुन्हा हजर.

“जावईबापू,” मामा म्हणाले, “हा दिवा माझं बूड ओळखतो काय?”

दुपारी पाद्रीबाबांना बोलावणं गेलं. त्यांनी टपावर हात ठेवून प्रार्थना केली. मामा चवरीसकट खाली उतरून अदबीनं मान खाली घालून उभे राहिले. आमेन म्हणताच सेमोनं किल्ली फिरवली, दिवा नाही! जमलेल्या बायकांनी देवाचे आभार मानले. मामा आत बसले, गाडी हलली आणि दिवा पेटला. पाद्रीबाबांनी घाम पुसला. विजेचं काम आपल्या खात्यात येत नाही, एवढं बोलून त्यांनी घर गाठलं.

“काळी चिकटपट्टी लाव त्याच्यावर,” रात्रीचं जेवताना लानुओला म्हणाली. ही सेमोची बायको. “मामांना दिवा दिसला नाही म्हणजे झालं. गुरुवार काढ बाबा कसाबसा.”

“अगं, ब्रेकचा दिवा आहे तो.”

“मग? आधी बंद होता तेव्हा काय मामा समुद्रात गेले?”

मंगळवारी सेमो मामांच्या शेजारी बसून निघाला, तेव्हा कुठं त्याला उलगडा झाला. मामांनी आत बसताच खांद्यावरची चवरी काढली आणि तिचा काथ्याचा जाडजूड झुबका हँडब्रेकच्या दांड्याखाली नीट कोंबला. वर्षानुवर्षांची सवय. मग त्यांनी दांडा खाली दाबला. झुबका खाली असल्यावर तो पुरता कसा बसणार? आणि दांडा पुरता बसला नाही की दिवा पेटतोच. केबल सैल होती तोवर काही बिघडत नव्हतं. आता सेमोनं ती आवळली होती, आणि मागची चाकं अर्धवट ब्रेक लागलेल्या अवस्थेत फिरत होती. उतारावर जळका वास यायला लागला.

“मामा, एक बोलू का?”

“बोल की. बोलण्यावरून आठवलं, माझे आजोबा...”

आजोबा बंदरापर्यंत पुरले. परतताना सेमोनं पुन्हा तोंड उघडलं, तर मामांनी चवरीचीच महती लावली. ती त्याच आजोबांची. तिला बिनमानाच्या माणसानं हात लावला, तर पूर्वी सबंध घराला गावाबाहेर काढत. सेमोनं हात मांडीखाली दाबून ठेवले.

घरी आल्यावर तो चिकटपट्टीची गुंडाळी हातात घेऊन बराच वेळ बसला. बोटभर तुकडा दिव्यावर लावला की झालं. गुरुवारी जमीन मिळेल, आणि कधीतरी बंदराच्या उतारावर मामांचा ब्रेक दगा देईल. गाडीत मागं रविवारच्या शाळेची पोरं असतील. त्याला स्वतःची शिसारी आली. गुंडाळी टाकून तो सासूकडे गेला.

सासूबाई सिएनी चटई विणत होत्या. मामांची ही थोरली बहीण, आणि तिथं भाऊ मानकरी असो की आणखी कुणी, बहिणीचा शब्द त्याला खाली पडू देता येत नाही. सेमोनं सगळं सांगितलं.

“तुला तोंड नाही का?”

“आहे, पण मामांसमोर त्याला पाळीच येत नाही.”

सासूबाई हसल्या नाहीत. “दिवा जाईल, मग तू काय मागणार?”

“काही नाही. आधी ब्रेक सुटू देत,” सेमो म्हणाला, आणि हे आपण खरंच म्हणालो याचं त्यालाच नवल वाटलं.

बुधवारी सकाळी सासूबाई भावाच्या गाडीत पुढं बसल्या. सेमो मागं. नीरफणसापाशी पोचेतो जळका वास नाकात शिरला.

“थांबव,” सासूबाई म्हणाल्या. “हा झाडू इथं कशाला कोंबलायस रे?”

“ताई! चवरी आहे ती. आजोबांची.”

“आजोबा गाडी चालवायचे का?” त्यांनी चवरी ओढून काढली आणि भावाच्या मांडीवर टाकली. मग दोन्ही हातांनी दांडा खाली दाबला. दिवा गेला.

मामांनी दिव्याच्या जागेकडे बघितलं. मग घसा साफ केला. “मला कालपासूनच शंका होती, की आपल्या पूर्वजांच्या...”

“कुणाला शंका होती?”

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर दोन बायका आणि एक डुक्कर थांबून ऐकत होतं.

“सेमोला,” मामा म्हणाले.

“आणि त्याच्या जागेचं काय?”

“ते गुरुवारी बैठकीत, रीतसर...”

“बैठकीत काय ते बोल. त्याला आत्ता सांग. मला नको सांगू, त्याला सांग.”

मामा मागं वळले. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत छोटं भाषण असावं. “नीरफणसाखालचा तुकडा तुझा. मी उद्या तसं बोलेन.”

सेमोला रडू फुटलं. सासूसमोर, मामांसमोर, डुकरासमोर. त्यानं ते लपवलंही नाही. नाक पुसत तो उतरला आणि मागच्या चाकाजवळ हात नेला. आच लांबूनच लागत होती. तो मामांच्या खिडकीशी आला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं जमिनीकडे न बघता मामांच्या डोळ्यांत पाहिलं.

“किल्ली द्या, मामा. मागचे ब्रेक भाजलेत. ते उघडून बघेपर्यंत गाडी इथून हलायची नाही.”

मामांनी तोंड उघडलं, बहिणीकडे पाहिलं आणि मिटलं. किल्ली सेमोच्या तळहातावर ठेवली, आणि दोघं बहीणभाऊ उन्हातून चालत घरी गेले.