बोलीवर बोली

सोमवारपासून कारंज्याच्या धान्यबाजारात रुमाल बंद होणार होता. तोवर आमच्याकडे तुरीचा, ज्वारीचा भाव रुमालाखालीच ठरायचा. अडत्या हातावर रुमाल टाकून उभा राहायचा, घेणारा त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. कोणी काय लावला ते शेजाऱ्यालाही कळत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा सगळा कारभार. आता घंटा होणार, सगळ्यांनी ढिगाभोवती उभं राहायचं आणि तोंडानं बोली बोलायची. बाजार समितीचे लोक मिशीला पीळ देत सांगत फिरत होते, की आता लबाडी नाही आणि खोळंबाही नाही, अख्खा बाजार जेवणाच्या आत उरकेल. लबाडी कमी होईल हे मलाही पटत होतं. पण घाईचं एवढं कौतुक कशाला? तूर काय पळून चालली होती?

मी चंपत, हुकूमचंद शेटजींच्या दुकानचा मापारी. सरकारनं कापूस आपल्या हाती घेतल्यापासून आमच्या दुकानाचा सारा जीव तुरीत होता, आणि तुरीच्या बाजारात शेटजींसारखा हात कोणाचा नव्हता. दाणा चावून ते भाव ठरवायचे आणि रुमालाखाली हात घातला की अडत्या हसायचाच.

फक्त त्यांना ऐकू येत नव्हतं. कानाशी तोंड नेऊन बोललं तर थोडंफार कळायचं, नाहीतर नाही. शेतकरी काही बोलला की शेटजी मान हलवून "हो, हो" म्हणायचे, आणि लोक समजायचे शेटजींना आता मोठेपणा आला. खरं काय ते त्यांच्या बायकोला, सूरजबाईंना ठाऊक होतं आणि मला. धाकट्या भावाला, लखमीचंदला, नव्हतं, आणि तेच बरं होतं. लखमीचंदला गादीवर बसून हिशेब बघण्याचा कंटाळा आला होता. दादा थकले, आता बाजारात मी उभा राहतो, असं तो ज्याला त्याला सांगायचा. त्याला हे कळलं असतं तर शेटजींचा बाजार त्याच दिवशी सुटला असता.

रविवारी दुपारी शेटजींनी मला घरी बोलावलं.

"चंपत, बाजार सुटला तं मी घरी बसून काय करू? माशा हाकू?"

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "तुमी फक्त हात द्या शेटजी. दुसऱ्याची बोली मी बोटानं पोचवतो. वरून उपरणं टाकून घ्या, कोनाले दिसनार नाही."

सूरजबाई पापड लाटत होत्या. त्या लाटता लाटता आकडे बोलल्या, मी शेटजींच्या तळहातावर बोटं दाबली आणि शेटजी भिंतीकडे तोंड करून वरची बोली बोलले. एकदाही चुकलं नाही. शेटजी लहान मुलासारखे खूश झाले. सूरजबाई मात्र मला दारापर्यंत सोडायला आल्या. "आमी घरात सावकाश बोलून राह्यलो बापा. तिथं कोन सावकाश बोलनार हाय?" मी म्हटलं, "बाईजी, मी हाय ना." मोठा आव आणला होता मी, पण रात्रभर झोप आली नाही.

सोमवारी घंटा झाली. बोली पुकारायला समितीनं रतनसिंगला उभं केलं होतं. आवाज असा की पोहरादेवीच्या यात्रेत हरवलेलं माणूस सापडावं. कोणी बोली बोललं की रतनसिंग तीच मोठ्यानं पुकारायचा, मग पुढची. मी शेटजींना चिकटून उभा होतो, त्यांचा हात उपरण्याखाली माझ्या हातात. पहिल्या ढिगांना लोक बुजत बोलले आणि आमचं ठीक चाललं. शेटजींनी एक ढीग घेतलासुद्धा. पण थोड्याच वेळात बाजाराची जीभ सुटली. आकड्यावर आकडा आदळू लागला. कोण बोललं हे बघायलाही मला सवड मिळेना. कानावर पडलेला आकडा सरळ बोटांत उतरायला लागला. हात घामानं निसटत होता. जरा थांबा रे, असं ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कोणत्या तोंडानं?

आणि तेवढ्यात आसेगावच्या शालिकरामाचा ढीग आला. भाजीचे वाफे सांभाळून त्यानं तुरीचं एकच शेत केलं होतं, आणि दाणा असा टपोरा की सगळे पुढे सरकले. शेटजींनी दाणा चावला. मला त्यांचा हात घट्ट झालेला जाणवला. लखमीचंदही गादी सोडून मागे येऊन उभा राहिला होता.

क्विंटलला दोनशे आठपासून सुरुवात झाली. नऊ, दहा, बारा. मी दाबत होतो, शेटजी चढत होते.

"दोनशे तेरा!" शेटजी म्हणाले. बाकीचे गप्प झाले. ढीग आमचा झाला होता.

"दोनशे तेरा!" रतनसिंगनं पुकारलं आणि माझ्या बोटांनी तेरा दाबला.

"चौदा!" शेटजी म्हणाले.

"दोनशे चौदा?" रतनसिंगनं गोंधळून पुकारलं, आणि मी काय करतोय हे मला कळायच्या आत बोटांनी चौदाही दाबला.

"पंधरा!"

सारा बाजार हसला. घरी सूरजबाईंनी शेटजींची बोली कधी पुन्हा पुकारली नव्हती. ते आम्हा तिघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"शेटजी," रतनसिंग म्हणाला, "आपल्याच बोलीवर काहून चढून राह्यले तुमी?"

शेटजी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. हसू दिसत होतं, कारण कळत नव्हतं. त्यांनी माझा हात हलवला, म्हणजे सांग ना. मी काय सांगणार? बोटांत नुसते आकडे होते. चूक झाली, हे सांगायला बोटच नव्हतं. शेटजी मजाक करताहेत, अशी थाप मी मारणारच होतो, पण लखमीचंद पुढे येऊन उपरण्याकडे बघू लागला होता.

शेटजींनी त्याला पाहिलं. मग स्वतःच उपरणं ओढून खांद्यावर टाकलं. आम्हा दोघांचे हात सगळ्यांना दिसले.

"मले ऐकू येत नाही," ते म्हणाले. गरजेपेक्षा फार मोठ्यानं म्हणाले. "पन बोली माझीच हाय. तोंडातून गेली ते गेली. पंधरानं घेतला."

हसणं थांबलं. शालिकराम हात जोडून पुढे आला. "शेटजी, मले तेरानंच द्यायचा हाय. तुमचं नुकसान कायले?"

शेटजींनी हसून मान हलवली. "हो, हो."

या वेळी कोणी हसलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

पुढच्या ढिगाची घंटा झाली. शेटजी जागचे हलले नाहीत. त्यांनी हात माझ्यापुढे केला, उघडाच. मला केवढा आनंद झाला! मी त्यांचा हात धरून आकडे दाबायला लागलो. तेवढ्यात आमच्या मागून आवाज आला, "दोनशे अकरा! आपल्या दुकानाच्या नावानं!"

तो लखमीचंद होता. भावाला विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ बोलला. रतनसिंगनं एकदा शेटजींकडे बघितलं, एकदा लखमीचंदकडे, आणि ढीग देऊन टाकला.

माझी बोटं थांबलेली शेटजींना कळली. "कोनाले गेला?"

मी मागे बोट दाखवलं. ते वळून भावाकडे बघत राहिले. लखमीचंद दुसरीकडे बघत होता. शेटजींनी खाली वाकून त्या ढिगातला एक दाणा उचलला, चावला.

"भाव बरा लावला त्यानं," ते म्हणाले. "चंपत, तू आता त्याच्याजवळ उभा राय."

आणि ते एकटेच फाटकाकडे चालू लागले. समोरून बैलगाडी येत होती, गाडीवान ओरडत होता, आणि ते रस्त्याच्या मधोमध. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना बाजूला घेतलं. मग हात सोडलाच नाही.

"चंपत!" लखमीचंद मागून ओरडला. "अबे चंपत, ढीग कोन मोजनार?"

सारा बाजार ऐकत होता. मला ऐकू आलं नाही.