तेन्नंगुडीचं पुठ्ठ्याचं स्टेशन

मी तेन्नंगुडीचं स्टेशन बोलतोय. ज्याच्यापुढे मीटरगेजच्या गाड्या थांबायच्या, ते स्टेशन आता नाही. मी पुठ्ठ्याचा आहे, जेमतेम दोन वीत लांब. तंजावुरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, भीमसेनरावांच्या घरी माझा जन्म झाला.

भीमसेनराव एकोणीस वर्षं तेन्नंगुडीला स्टेशनमास्तर होते. निवृत्त होऊन तंजावुरात आले, तरी हाताला रूळच हवे होते. जुन्या कपाटाची फळी आडवी टाकून त्यांनी तिच्यावर छोटी लाइन मांडली. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर घालून इंजिन केलं. मग एकेक करत पाण्याची टाकी झाली, फाटकवाल्याची खोली झाली, कालव्यावरचा पूल झाला. त्यांच्या पत्नी अंबाबाई कुरकुरायच्या, "लोकांच्या घरी रंगीत टीव्ही येतो, आमच्या घरी आगगाडी." पण रुळांखाली घालायला खराट्यातल्या सरळ काड्या त्याच निवडून बाजूला ठेवायच्या.

पुढे काचबिंदूने अंबाबाईंची दृष्टी गेली. अगदी उजेडसुद्धा दिसेना. तेव्हापासून त्या एकच धरून बसल्या, आपल्या जुन्या तंजावुरी मराठीत.

"मज एकदां तेन्नंगुडीस न्या. ती चौकट हात लावून पाहायची आहे."

कुठली चौकट, ते सांगतो. स्टेशनाच्या मागच्या अंगाला मास्तरांचं बिऱ्हाड होतं. भामा ही त्यांची एकुलती मुलगी. दर दिवाळीला तिला दाराशी उभी करून भीमसेनराव सागवानी चौकटीवर चाकूने तिच्या उंचीची खूण करायचे. अशा पाच खुणा झाल्या. सातव्या वर्षी भामा तापाने गेली. चौकट रेल्वेची, ती तिथेच राहिली. घरात भामाचा एक फोटो होता, पण आता अंबाबाईंना त्याचा काय उपयोग?

सत्त्याण्णव साल होतं. ब्रॉडगेजचे रुंद रूळ टाकायला लाइन बंद झाली होती. "लाइन सुरू झाली की गाडीनेच जाऊं," असं भीमसेनरावांनी सांगितलं. आणि तोवर हाताला काहीतरी असावं, म्हणून त्यांनी मला करायला घेतलं.

मी डोळ्यांसाठी नव्हतोच, बोटांसाठी होतो. माझ्या भिंती लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याच्या आहेत. तंजावूरच्या चित्रांत देवाचे दागिने उठून दिसावेत म्हणून खडूची पूड डिंकात कालवून लावतात ना, त्याच लेपाने माझ्या विटा उठवल्या. अंबाबाई शेजारी बसून आठवून आठवून सांगायच्या. "तिकिटाच्या खिडकीचा तिसरा गज वांकडा होता." "पायरी एका कडेला झिजली होती, तेथे पाणी साठायचे." भीमसेनराव गज वाकवायचे, पायरी घासायचे. त्या दिवसांत दोघं किती बोलत! मला वाटायचं, घर असंच असतं.

एका सकाळी नटराज आला. तेन्नंगुडीचा जुना गँगमन, रुळांची देखभाल करणारा. अंबाबाई आत न्हात होत्या. तो तमिळमध्ये हळूच म्हणाला, "अय्या, सोमवारपासून स्टेशन पाडणार. ती चौकट मी सोडवून ठेवतो. पण मला दुसरीकडे कामाला लावलंय, राखायला कोणी नाही. लगेच येऊन घेऊन जा."

"येतो," भीमसेनराव म्हणाले. "तिला सांगू नकोस. स्टेशन पाडलं म्हणून तिचा जीव जाईल. चौकट आणून तिच्या हातातच देतो."

सोमवारी ते माझी कौलं लावत होते. एकेक कौल नखाएवढं, कागद ओला करून पेन्सिलीवर गोल वळवलेलं. लेप सुकायच्या आत लावायला हवं, म्हणून उद्या जाऊ, असं स्वतःशीच म्हणाले. मंगळवारी एक ओळ तिरकी गेली, ती उचकटून पुन्हा लावली. बुधवारही गेला, गुरुवारही. छप्पर इतकं सुरेख होत होतं, की त्यांच्याने उठवेना. खोटं कशाला बोलू? मलाही त्यांनी उठू नये असंच वाटत होतं.

शुक्रवारी बस धरून गेले. दुपारी रिकाम्या हातांनी परतले आणि चपला न काढताच माझ्यापुढे बसले. काय झालं ते कुणाला बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी पातं घेतलं आणि माझ्या मागच्या दाराच्या चौकटीवर पाच बारीक खुणा पाडल्या. तिसरी खूण दोनदा पाडावी लागली.

अंबाबाईंना त्या खुणा नखाने सापडल्या, तेव्हा त्यांनी एकेक खूण पुन्हा चाचपली. मग हसल्या. "हे भामाचे तिसरे वर्ष. त्या वर्षी उगे इतकेच वाढली होती. हे बरोबर कसे साधलें?"

"मोजून आणलें," भीमसेनराव म्हणाले.

मग रोज सकाळची काफी पिऊन झाली की त्या माझ्याजवळ येऊन बसायच्या. पुढे ब्रॉडगेज सुरू झाली. "कधी जाऊं?" त्या विचारायच्या. भीमसेनरावांचा कधी गुडघा दुखायचा, कधी गाडीला गर्दी असायची. असं वर्षभर चाललं.

एके दिवशी नटराज केळ्यांचा घड घेऊन भेटायला आला. अंबाबाईंचा हात माझ्या छपरावर होता. त्यांनी तमिळमध्ये सहज विचारलं, "नटराजा, आमची चौकट नीट आहे ना रे? नवा रंग दिला असेल."

त्याला वाटलं, यांना सगळं ठाऊक आहे. "अम्मा, मी सोडवून भिंतीशी ठेवली होती. अय्या सोमवारी आले असते तर मिळाली असती. गुरुवारी मजुरांनी फोडून चुलीत घातली."

तो गेल्यावर अंबाबाईंनी विचारलं, "त्या चार दिवसांत तुम्ही काय करीत होतां?"

"कौलं लावत होतो."

"कोठली कौलं?"

माझ्या छपरावर फिरणारी बोटं थांबली. अंबाबाईंनी हात उचलून पदराला पुसला.

"लांकूड होते ते," त्या म्हणाल्या. "पाठ टेकून ती उभी राहायची. तिच्या केसांचे तेल लागले होते त्यास."

"अंबा, मी तुझ्यासाठीच..."

"नका बोलूं."

त्या दिवसानंतर त्यांनी मला हात लावला नाही. भीमसेनरावांनीही पुन्हा कात्री धरली नाही. फळी भिंतीला उभी करून ठेवली आहे, इंजिन कुठल्याशा डब्यात आहे. मी कपाटावर असतो. झुरळांना डिंक आवडतो, माझी एक बाजू त्यांनी खाऊन टाकली. खाली दोघं कामापुरतं बोलतात.

"भात वाढूं?"

"वाढा."

मग ताटात बोटं फिरण्याचा आवाज.

माझं एक मागणं आहे. या घरी कधी आलात आणि वर नजर गेली, तर मला खाली काढायला सांगू नका. आणि "काय हुबेहूब केलंय!" असं तर मुळीच म्हणू नका. भीमसेनराव मान खाली घालतील. आणि अंबाबाईंना दिसत नसलं, तरी ऐकू येतं.