निळ्या सुतळीची गाठ

घोड्यांवर आपला मुळीच राग नाही, असं हिल्डाबाई थ्वेट नेहमी सांगायच्या. राग होता तो टापांनी पायवाटेच्या केलेल्या राडीवर, आणि वर बसून हसत मान डोलावणाऱ्या जॉसलिनवर. गावच्या शाळेत तीस वर्षं शिकवून झाल्यावर बाईंनी गावच्या पायवाटा दत्तक घेतल्यासारख्याच होत्या. पगार नाही, कुणी सांगितलेलं नाही, तरी बहात्तराव्या वर्षी हातात काटेरी झुडपं छाटायची कात्री आणि पिशवीत पिवळ्या रंगाचा डबा घेऊन त्या रोज बाहेर पडत. दर खांबावरचा वाट दाखवणारा पिवळा बाण त्यांनीच रंगवलेला.

मेंढ्या पाळणाऱ्या डंकन रेस्ट्रिकच्या कुरणातून जाणारी पायवाट जुनी, कायद्यानं सगळ्यांची. पायी चालणाऱ्याला डंकनच काय, त्याचा पणजोबासुद्धा अडवू शकला नसता. जॉसलिनच्या घोडीला मात्र त्या वाटेवर काडीचाही हक्क नव्हता. मोठ्या रस्त्यावर ट्रक सुसाट जातात, म्हणून डंकननं तिला तिथून जाऊ दिलं होतं, एवढंच. ही मेहेरबानी बाईंना खुपायची.

जूनमध्ये उन्हाचा अगदी कहर झाला. एका सकाळी बाई वरच्या कुरणाच्या फाटकाशी आल्या, तर ते सताड उघडं! खाली धुळीत टापांचे ताजे ठसे. बाईंचं डोकंच फिरलं. "या बयेला फाटक लावायचं तेवढं जड जातं!" असं पुटपुटत त्यांनी फाटक ओढलं. ते खांबाला निळ्या सुतळीनं बांधलेलं होतं. बाईंनी कात्रीनं सुतळी कापली, फाटक लावलं, साखळीचे दोन वेढे दिले आणि समाधानानं पुढे गेल्या. बांधलेलं फाटक कुणीतरी मुद्दाम बांधलेलं असतं, हे तीस वर्षं मुलांना सांगणाऱ्या बाईंना त्या क्षणी सुचलं नाही. रागात माणसाला काय सुचतं?

डंकन मुलीच्या लग्नाला तीन दिवस परगावी गेला होता. मेंढ्यांना खालच्या ओढ्यावर पाण्याला जाता यावं, म्हणून ते फाटक त्यानंच बांधून ठेवलं होतं. त्या उन्हात पुढचे दोन दिवस त्या वाटेनं कुणीच फिरकलं नाही. शेजाऱ्यानं रस्त्यावरून नजर टाकली, मेंढ्या वर दिसल्या, त्याला वाटलं सगळं ठीक आहे. डंकन परत आला तेव्हा दूधपित्या कोकरांच्या चार आया बंद फाटकाशी पाण्यावाचून मरून पडल्या होत्या.

रविवारी प्रार्थनेनंतरच्या चहाला सगळीकडे हाच विषय होता: फाटक लावलं कुणी?

"जॉसलिनच असणार," कुणीतरी म्हणालं. "रोज तीच जाते तिथून."

"मी फाटकाला हात लावला नाही हो!" जॉसलिन रडकुंडीला आली होती. "उघडं होतं, मी तशीच पुढे गेले. हिल्डाबाई, तुम्ही रोज जाता तिथून, तुम्हाला कुणी दिसलं का?"

बाईंनी कप बशीवर ठेवला. "नाही बाई," त्या म्हणाल्या, "मला कुणीच दिसलं नाही." शब्दशः पाहिलं तर हे खोटं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली: घोड्यांना बंदी. इतकी वर्षं बाईंना हेच हवं होतं. त्या पाटीपुढे उभ्या राहिल्या आणि पुढे न जाता घरी परतल्या. कात्री त्यांनी खोलीतल्या कपाटात मागे सारून ठेवली, जणू ती कुणाला काही सांगणार होती.

गुरुवारी मोठ्या रस्त्याच्या वळणावर त्यांना जॉसलिन दिसली. ट्रक भोंगा वाजवत अगदी खेटून गेला, घोडी बिथरून मागच्या पायांवर उभी राहिली, आणि जॉसलिन कुंपणावर आपटली. मनगट सुजलं होतं. बाईंनी धावत जाऊन लगाम धरला.

"तुमचे उपकार झाले, बाई," जॉसलिन कण्हत म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून बरं."

तिला घरी पोचवून बाई थेट डंकनच्या अंगणात गेल्या. तो गोठ्याशी उभा राहून पोरक्या कोकरांना बाटलीनं दूध पाजत होता.

"डंकन, फाटक मी लावलं. सुतळी कापली मी. जॉसलिननं नाही." बाई एका दमात बोलून गेल्या. "चहाच्या वेळी मी गप्प बसले. तिला बोलणी खाऊ दिली."

डंकननं बाटली खाली घेतली नाही.

"दुसरीत असताना तुम्ही मला कोपऱ्यात उभं केलं होतंत, आठवतं?" तो म्हणाला. "सहलीला मी कुणाचं तरी उघडं फाटक लावलं म्हणून. फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. शंभरदा लिहून घेतलंत माझ्याकडून."

"आठवतं रे."

"पाटी आज काढतो. जॉसलिनची माफी मी मागेन, पण तुम्हीही मागा. चारचौघांत, रविवारी."

"मागते. आणि मला काय शिक्षा? मलाही बंदी घाल ना, डंकन. मी नाही यायची कुरणात."

"तुम्हाला कशी घालू, बाई?" त्याचा आवाज थकलेला होता. "वाट तुमची आहे, कायद्यानं. या, जा. मी अडवू शकत नाही."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ट्रकांच्या रस्त्याखेरीज घरी जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून बाई कुरणातूनच निघाल्या. मागून चार कोकरं गोठ्यातून निसटून धावत आली. कुणीही माणूस दिसलं की बाटली आणली असेल, असं आता त्यांना वाटायचं. बाईंच्या रिकाम्या हातांना ती ढुशा देऊ लागली, बोटं चोखू लागली. "नाही रे बाळांनो," बाई रडत म्हणत होत्या, "माझ्याकडे काही नाही." पण कोकरं ऐकेनात. नव्या निळ्या सुतळीनं बांधलेल्या उघड्या फाटकापर्यंत ती त्यांच्या मागे मागे आली.