समोरचं स्टूल

मी आधी नोकरी सोडली तर ती वाचेल, म्हणून मी सोडत नव्हते. बाकी सगळी कारणं घरच्यांना सांगण्यापुरती होती.

ती म्हणजे साखर. हे नाव मीच ठेवलेलं. बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याचे दात किडावेत. आम्ही दोघी बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत बसायचो. मागून उजेड सोडलेली पांढरी काच, तिच्यापुढून पट्ट्यावर सरकत जाणाऱ्या रिकाम्या बाटल्या आणि आमचे डोळे. तडा दिसला, बुडबुडा दिसला, वाकडं तोंड दिसलं की बाटली उचलून टोपलीत टाकायची. सतत बघितलं की डोळ्यांना काही दिसेनासं होतं, म्हणून एकीने बघायचं, दुसरीने समोरच्या स्टुलावर डोळे मिटून बसायचं आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. उठताना "घे" म्हणायचं. तीन वर्षं आमच्यात या एका शब्दापलीकडे बोलणं नव्हतं.

का, तेही सांगते. मला जवळचं धूसर दिसायला लागलं तेव्हा मी ते फक्त तिला सांगितलं होतं. नवऱ्यालाही नाही. "काळजी नको करूस गं, माझ्या पोटात राहील," असं म्हणाली. आठवड्याच्या आत साहेबांनी मला सगळ्यांसमोर बारीक अक्षरांचा कागद वाचायला लावला. मी अडखळले. चष्मा लागला, आणि खोलीची मुख्य म्हणून माझं नाव जायचं होतं ते राहिलंच. साखरेला जाब विचारला तर म्हणते, "तुझ्या भल्यासाठीच सांगितलं." केसाने गळा कापायचा आणि वर, तेल लावत होते म्हणून सांगायचं! त्या दिवशी मी ठरवलं, हेच वाक्य एक दिवस तिला परत करायचं.

ती वेळ चालत आली. साहेबांनी दोघींना समोर उभं करून सांगितलं, "कॅमेऱ्याचं मशीन येतंय. त्याच्याशेजारी एकच माणूस लागेल. कोण, ते अजून ठरलं नाही. कोणी आपणहून गेलं तर प्रश्नच मिटला."

साखरेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मनात म्हटलं, बाई, तू बस वाट बघत.

त्याच रविवारी नणंद घरी आली. ती औषधांच्या कारखान्यात कामाला आहे. "वहिनी, आमच्याकडे बाटल्या तपासायला बाई हवी आहे. मी तुझ्यासाठी शब्द टाकलाय. फक्त येऊन भेट."

"बघू," मी म्हटलं.

"बघू काय?" नवरा म्हणाला. "मशीन आलं की तुला घरी बसवतील. मग शोधायला लागशील तेव्हा दारं बंद असतील. हातात नोकरी असताना दुसरी मिळते, गेल्यावर नाही."

नवऱ्याचं बरोबर होतं. त्याचा स्वतःचा कामधंदा कधी चालू, कधी बंद. घर माझ्या पगारावर उभं होतं. पण मला दिसत होती ती साखर, मी गेल्यावर दोन्ही स्टुलांवर पाय पसरून बसलेली. छे! मी म्हटलं, "आत्ता नाही. आधी तिचं काय होतं ते बघायचंय."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन."

नणंदेने आणखी दोनदा विचारलं. एकदा मी डोकं दुखतंय म्हटलं, एकदा सरळ नाही म्हटलं. मग तिने विचारणं सोडलं. नवऱ्यानेही सोडलं, आणि तो बोलेनासा झाला की घरात भांड्यांचा आवाज फार होतो.

कामावर मात्र मी अशी तुटून पडले की विचारू नका. एक बुडबुडा सुटू दिला नाही. साहेब खोलीत आले की मी पाठ ताठ करायची, आणि साखर आपली शांत, डोळे मिटून बसलेली. घाबरली असणार, असं मला वाटायचं आणि घास गोड लागायचा.

एका सकाळी साहेबांनी बोलावलं. "तू राहतेस. ती शनिवारपर्यंत आहे."

मी त्यांना कारण विचारलं नाही. जिंकल्यावर कोण विचारतं? परत येऊन बसले ती पाठ आणखी ताठ करूनच. शनिवारपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत राहिले. अंघोळ करताना म्हणून बघितलं, जिना चढताना म्हणून बघितलं.

शनिवारी शेवटची अदलाबदल झाली. ती उठली, डबा पिशवीत घातला आणि म्हणाली, "घे."

मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "झालं ते तुझ्या भल्यासाठीच झालं."

"हो गं, अगदी खरं," साखर म्हणाली. "मीच साहेबांना सांगितलं, मला सोडा. सोमवारपासून औषधांच्या कारखान्यात जातेय. तुझ्या नणंदेनेच लावून दिलं. तू नाही म्हणालीस ना?"

आणि गेली. तीन वर्षं धार लावलेली सुरी, आणि तिने त्याच सुरीने फळ कापून खाल्लं!

घरी येऊन मी नणंदेला फोनवर नको नको ते बोलले. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, मी तुझ्या दारात तीनदा आले होते. ती माझ्या दारात स्वतःहून आली." मी फोन आपटून ठेवला.

मशीन आलं. रोज बिघडायचं, आणि बिघडलं की मी एकटी काचेपुढे. अर्धा तास व्हायचा, तास व्हायचा, "घे" म्हणायला समोर कोणी नाही. डोळ्यांतून पाणी गळायचं. येणारेजाणारे म्हणायचे, जोडीदारीण गेली म्हणून रडतेय बिचारी. मला त्यांना टोपलीतल्या बाटल्या फेकून माराव्याशा वाटायच्या. मग साहेब एकदा मशीनवर थाप मारून म्हणाले, "आता शहाणं होत चाललंय. थोड्या दिवसांत माणूस लागणारच नाही." माझ्याकडे बघूनही नाही, मशीनकडे बघून.

त्या आठवड्यात नणंद पुन्हा आली. दारातच म्हणाली, "भांडायचं असेल तर आधी भांडून घे."

"बस," मी म्हटलं.

"आमच्याकडेही जोडीनेच बसावं लागतं. तिच्या समोरचं स्टूल रिकामं आहे. दोन बायका बसवून बघितल्या, टिकल्या नाहीत. तिने आमच्या साहेबांना तुझं नाव दिलंय."

"काय म्हणाली?"

नणंद चाचरली. "म्हणाली, डोळे अधू आहेत, पण नजर चुकत नाही."

पुन्हा माझे डोळे! त्या बाईला जगात सांगायला दुसरं काही सापडत नाही? मी उठून उभी राहिले. "आणि तुमचे साहेब?"

"हसले. तिथे सगळ्यांनाच भिंग लावून बघावं लागतं."

सासूबाई म्हणाल्या, "आता नाही म्हणालीस तर नाकापाठोपाठ कानही जातील."

"नाही कशाला म्हणू?" मी म्हटलं. "उद्याच जाते भेटायला."

नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. त्याला वाटलं, बायकोची अक्कल ठिकाणावर आली. वाटू दे. माझ्यावर उपकार करून ही तिथे सुखाने बसणार होती, आणि मी तिला बसू देणार होते? रोज तिला माझं तोंड बघायला लावीन. आभार मानणार नाही, एक शब्द जास्त देणार नाही. अर्धा तास झाला की उठेन आणि "घे" म्हणेन. आणि तिला ते ऐकावंच लागेल, निवृत्त होईपर्यंत.

मी चष्मा पुसला आणि नणंदेला विचारलं, "ती सकाळी असते की दुपारी?"