डावा कान

मामाच्या स्टुडिओतला व्हॉल्व्हचा जुना माइक घरातल्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठा आणि मानपानाला कडक. एकाच नळीत एकावर एक दोन कान. एक डावीकडचं ऐकतो, दुसरा उजवीकडचं. म्हणूनच मामाने तो बाहेर काढला होता. मावशी आणि आई कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, कारण आईचा सूर उतरतो, असं मावशी चारचौघांत म्हणाली होती.

उद्या मावशीच्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील का, यावर डॉक्टर फक्त "बघू" म्हणाले होते. त्याआधी दोघी लहानपणी गायच्या ते गाणं तिला रेकॉर्ड करायचं होतं. एक डावीकडे, एक उजवीकडे, एकमेकींचं तोंड न बघता. स्टीरिओचा एवढा कौटुंबिक उपयोग कुणी केला नसेल.

जुन्या रेडिओसारखा माइकचा व्हॉल्व्ह तापेपर्यंत कुणी हलायचं नाही, असा मामाचा नियम. आम्ही फोटोला बसल्यासारखे बसलो. हॉस्पिटलला न्यायची गाडी दारात उभी होती, मावशीची बॅग तिच्या पायाशी.

तेवढ्यात आईला माइकच्या जाळीवर धूळ दिसली. धूळ दिसली की आई विचार करत नाही.

"फूऽऽ!"

माझ्या हेडफोनमध्ये आधी वादळ, मग चरचर, मग डावीकडे काहीच नाही.

"अगं, काय केलंस!" मामा काचेपलीकडून धावत आला. "श्वासातला ओलावा सोसत नाही त्याला!"

"मग गाणाऱ्यांनी काय श्वास कोंडून गायचं?" आई म्हणाली, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"कधी वाळेल?" मावशीने हळूच विचारलं. ती आवाज जपत होती.

"संध्याकाळपर्यंत."

तोवर मावशी ॲडमिट झालेली असणार. मामाचे बाकीचे माइक कुणाच्या तरी लग्नाला गेले होते.

"उजवा कान चालू आहे," मी काचेपलीकडच्या मीटरची सुई बघत म्हणालो. "पण दोघींना त्याच्यासमोर चिकटून उभं राहावं लागेल."

मामा छताकडे बघू लागला, जणू तिथे तिसरी बहीण बसली होती.

"ये," मावशी म्हणाली. "धक्का देऊ नकोस."

"मी देते? ताई, सगळी जागा तूच अडवतेस."

इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, तेही तक्रारीला.

खांद्याला खांदा लावून दोघी गायल्या. शेवटच्या ओळीत वर चढताना मावशीचा आवाज फाटला. काचेपलीकडे मामाचा हात रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणाकडे गेला. आईने मानेनेच नको म्हटलं आणि खालून सूर धरून ठेवला, तसूभरही न हलता. मावशी चाचपडत वर आली, आणि त्या सुरावर टेकली.

गाणं संपलं.

"आलं?" मावशीने विचारलं.

मामाने बाहेर येऊन मान डोलावली. "फाटलेलं काढू का?"

"हात लावू नकोस. तसंच राहू दे," म्हणत तिने बॅगेसाठी हात पुढे केला.

बॅग तिथे नव्हती. ती मांडीवर घेऊन आई गाडीत जाऊन बसली होती.