समाधानी गिऱ्हाईक

मशीन जुनं झालं की मालकालाच म्हातारं झाल्यासारखं वाटतं. जुन्या जालन्यात बद्रीनाथचं टायपिंगचं दुकान होतं. अठ्ठ्याण्णव साली त्याचा कॉम्प्युटर असाच रडकुंडीला आल्ता. लग्नपत्रिकेवरचा एक गणपती पडद्यावर उमटायला इतका वेळ लागायचा की तोवर गिऱ्हाइकानं लग्नाची तारीख बदलून यावं.

त्यात दिल्लीच्या ‘तूफान अपग्रेड’ कंपनीची जाहिरात आली. नवं मशीन कशाला घेता, जुन्यातला प्रोसेसर तेवढा काढा, आमचा बसवा, वेग चौपट! प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, बिस्किटाएवढा. बद्रीनाथनं टपालानं मागवला, अन् पार्सल यायच्या आधीच सगळ्या गल्लीला सांगून मोकळा झाला.

बसवला. मशीन दहा मिनिटं पळालं अन् गपकन थिजलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. कंपनीला फोन केले तर नुसती घंटी वाजायची. चार दिवसांनी त्यानं गुपचूप जुना मेंदू परत बसवला अन् नवा खणात टाकला.

मंग पोस्टमन कंपनीचं कार्ड घेऊन आला. आपला अभिप्राय कळवा, टपालखर्च आमचा. आत्ताच लिहून द्या म्हणून तो दारातच उभा. हा पोस्टमन असा, की पत्रं संध्याकाळपर्यंत वाटायचा अन् बातम्या दुपारपर्यंत. त्याच्यासमोर ‘फसलो’ लिहायचं? बद्रीनाथनं लिहिलं, ‘मशीन विमानासारखं पळून राह्यलं.’

झालं, तिथून माणूस एकटा पडला. कुणी म्हणायचं, दाखव की तुझं विमान. हा म्हणायचा, लाइट गेली. बसायला येणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावायचा. हळूहळू लोकांनी येणंच सोडलं. बायको दोन वर्षांमागं वारली होती, लेक परतूरला नांदत होती. भर दुपारी शटर अर्धं ओढून हा गडी आत एकटाच बसायचा, सोंडेपासून पायापर्यंत उतरणारा गणपती बघत.

तीन महिन्यांनी एक बाई शटरखालून वाकून आत आल्या. अंबडला टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या सत्यशीलाताई. हातात तूफानचं नवं पत्रक, त्यावर ठळक छापलेलं: समाधानी गिऱ्हाईक, बद्रीनाथ, जुना जालना. खाली ते विमानाचं वाक्य.

ताईंनी हे वाचूनच प्रोसेसर घेतला होता. नव्या योजनेत जुना पाठवला तर सूट होती, म्हणून जुना कंपनीला देऊन बसल्या होत्या. क्लासात आठ पोरी, परीक्षा पंधरा दिवसांवर, अन् मशीन एकच.

“दादा, तुमचं चालून राह्यलं अन् माझं दहा मिनिटांत थिजतंय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे चूक माझीच. तुम्ही कसा बसवला तेवढं दाखवा. न्हाई जमलं तर क्लास बंद करते. ज्याला स्वतःलाच येत न्हाई त्यानं दुसऱ्याला काय शिकवावं?”

लाइट गेल्याचं बद्रीनाथच्या जिभेवर आलंच होतं. पण डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. अन् ही बाई स्वतःलाच अडाणी म्हणून राह्यली होती. त्यानं खण उघडला.

“ताई, हा बघा. माझाबी चालला न्हाई. एक दिवसबी न्हाई.”

ताईंनी ते बिस्कीट हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं. मंग विचारलं, “लिहिलं कशाला?”

“लाज वाटली.”

“लाज त्यांची. तुम्ही कशी काय अंगावर घेतली? दादा, ती कंपनी मशीनचं सामान विकतच न्हाई. तुमचं नाव विकती. अन् मी तरी काय शहाणी? माझ्याकडंबी कार्ड आलंय. ‘छान’ लिहून टाकणार होते.”

बद्रीनाथनं ताईंचं मशीन कोणतं ते विचारलं. त्याच्यासारखंच होतं. त्यानं स्क्रू खोलले, आपल्या मशीनचा चालता मेंदू अलगद काढला, कागदात गुंडाळला अन् ताईंच्या हातात दिला. परीक्षा होईपर्यंत ठेवा म्हणाला.

ताई गेल्यावर त्यानं शटर पुरं वर केलं अन् दारात पाटी लावली: ‘काम पंधरा दिवस बंद. तूफानचा प्रोसेसर चालला न्हाई. मी खोटं लिहिलं होतं.’

दोन दिवस गल्ली हसली. पोस्टमनला तर सणच. तिसऱ्या दिवशी आडतवाले अण्णासाहेब आले, मागंपुढं बघितलं अन् हळूच म्हणाले, “बद्री, माझाबी तिजोरीत पडून हाय रे. पोराला सांगितलं, लई भारी चालतो.” आठवड्यात असे पाच जण निघाले. पाची जण एकाच बाजारपेठेतले, अन् प्रत्येकाला वाटायचं, सगळ्या जालन्यात येडा मीच.

सत्यशीलाताईंनी तक्रारीचा कागद टाइप केला, सात सह्या झाल्या, ग्राहक मंचात गेला. निकाल लागायचा तेव्हा लागंल. पण त्या सालापासून तूफानचं पार्सल काही जालन्यात आलं नाही.

मंडळी, लबाड कंपनीचं नाव जाहिरातीनं होत नसतं. ते आपण गप बसून करतो. फसलात तर दार लावून बसू नका, शेजाऱ्याला जाऊन सांगा. बहुतेक तोबी दार लावूनच बसलेला असतो.